पेटीवर वाढलेला डावा हात

कुरवंडे,
श्रावण

प्रिय सखी,

तुझा मेलबर्नहून आलेला लांबलचक आवाजी निरोप तुकड्यातुकड्यांनी ऐकला. मध्येच वीज जाते, वीज आली की नेट जातं, आणि दोन्ही असली की कोणीतरी दार वाजवतं. तर मामला असा दिसतोय: भाचीने पियानोच्या वरच्या ग्रेडच्या परीक्षा दिल्या आहेत, बाखचा कागद समोर ठेवला की घडाघडा वाजवते, आणि मंडळाच्या दिवाळीसाठी जुनी हिंदी-मराठी गाणी बसव म्हटल्यावर रडकुंडीला आली आहे. नेटवरून उतरवलेल्या कागदावर सूर सगळे बरोबर, पण ऐकणाऱ्या काका-काकूंच्या चेहऱ्यावरची माशीही हलत नाही. आणि हे तू मला विचारतेस, जिला आजही पाच रेघांवरचे ठिपके बोट ठेवून मोजावे लागतात! पण बरं केलंस विचारलंस. या दिवसांत कुरवंड्यात बाहेर पडायची सोय नसते. समोरची नागफणी ढगांत गेली आहे ती गेलीच. शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा लोणावळ्याला भाजी आणायला जाणंसुद्धा मोहीम होते. 1661 साली मोगल सरदार कारतलबखान आमच्या या कुरवंडे घाटाने कोकणात उतरला आणि उंबरखिंडीत अडकला. हल्लीचे लोक वर येतानाच अडकतात, एवढाच फरक.

आधी माझ्या पियानोची हालहवाल सांगते, कारण तू विचारलं नाहीस. उभा, जुना, पुण्यातून सेकंडहँड घेतलेला. घेताना सगळ्यांनी वेड्यात काढलं की सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कोणी लाकडी पियानो नेतं का. त्यांचं चूक नव्हतं. पावसाळी हवेत लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासायला लागतात आणि दाबलेली पट्टी वर यायचं नाव घेत नाही. आतली मोठी फळी, जिच्यामुळे आवाज घुमतो, तीही फुगून वर उचलली जाते आणि तारा ताणल्या जाऊन मधलं सप्तक चढतं. उन्हाळ्यात तेच उलट, सूर उतरतो. म्हणून ट्यूनर दसरा उलटल्याशिवाय हात लावत नाही. तोवर आत खालच्या बाजूला एक बारका बल्ब जळत ठेवायचा, जुन्या मुंबईकरांचा उपाय. वीज गेली की तोही विझतो. त्यामुळे भिंतीशी डिजिटल यामाहाही आहे, जो कधी उतरत नाही की चढत नाही, पण वीज नसली की मुका. असा माझा दोन सवतींचा संसार.

आता कामाचं. भाचीच्या कागदात गडबड काय आहे ते मी न बघता सांगते: त्यात उजव्या हाताला गायकाची चाल लिहिली आहे आणि डाव्या हाताला तीन-तीन सुरांच्या कॉर्डचे ठोकळे. आपण ते गाणं नुसतं लताबाईंचं किंवा रफीचं म्हणून ऐकलेलंच नाही गं. रेडिओवर गाणं लागलं की गायकाने तोंड उघडायच्या आधीच तू ओळखायचीस, आठवतंय? ते कशावरून ओळखायचीस? सुरुवातीच्या व्हायोलिनच्या झेपेवरून, मधल्या अकॉर्डियनवरून, मुखड्याच्या दोन ओळींमध्ये कोणीतरी बासरीने भरलेल्या चिमटीभर जागेवरून. स्टुडिओतली माणसं त्याला सरळ ‘पीस’ म्हणत. गाण्याची निम्मी ओळख त्या पिसांत असते, आणि नेटवरच्या कागदातून पहिली कात्री लागते ती त्यांनाच.

हे पीस लिहिणारी माणसं कोण होती हे भाचीला जरूर सांग, कारण ती त्यांच्याच जातीची वाजवणारी आहे, माझ्या नाही. संगीतकार बहुतेक पेटीवर चाल बांधायचे, तोंडी शिकवायचे. पण तीस-चाळीस व्हायोलिनवाल्यांपुढे तोंडी काय शिकवणार? त्यांना लिहिलेले कागद लागत. आणि ते लिहू-वाचू शकणारे निघाले गोव्याचे. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांतून पोरांना लहानपणीच नोटेशन आणि व्हायोलिन शिकवत, ती पोरं पुढे मुंबईला आली, हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये वाजवू लागली आणि तिथून सिनेमात शिरली. सेबॅस्टियन डिसूझा हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. फाळणीपूर्वी लाहोरला त्यांचा बँड होता, मुंबईत ओ. पी. नय्यर आणि मग दोन दशकांहून जास्त काळ शंकर-जयकिशन यांचे ते अरेंजर होते. गायिका वर गात असताना खाली चेलो किंवा व्हायोलिन्स दुसरीच एक चाल गुणगुणतात ना, ती त्यांची खासियत. मडगावजवळच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये गुरूचं नाव गाण्यात घालून मोकळे झाले. सगळा देश ते गाणं नाचला आणि हा माणूस खरोखर आहे हे कोणाच्या गावीही नव्हतं. आपले संगीतकार सी. रामचंद्र, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. त्यांच्याबरोबर ट्रंपेटवाले चिक चॉकलेट, मूळचे आल्दोन्याचे अंतोनियो व्हाझ. ‘अलबेला’त (1951) तर चिक चॉकलेट बँडसकट पडद्यावरही दिसतात. तबकडीवर मात्र या अरेंजर मंडळींची नावं नसत. मला याचा अजून राग येतो, पण तो एक वेगळ्या पत्राचा विषय आहे.

सिनेमातली गाणी नुसत्या वाद्यावर वाजवायची परंपराही आपल्याकडे दांडगी आहे. पुण्याचे एनॉक डॅनिअल्स यांचं अकॉर्डियन, कोलकात्याला जाऊन स्थायिक झालेले मुंबईचे पारशी व्ही. बलसारा, आणि अलीकडे पियानोवर ब्रायन सिलास. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या वेळी जे मंद आवाजात लावतात त्यात सिलास हटकून असतात, म्हणून लोक नाक मुरडतात. मुरडू देत. एका पियानोवर शब्दांशिवाय गाणं उभं करणं काय असतं ते बसून बघावं मग.

माझी अडचण भाचीच्या नेमकी उलटी होती. मी पेटीवरून पियानोकडे आले. पेटी वाजवताना उजवा हात सुरांवर पळतो आणि डावा जन्मभर भाता मारतो. त्यामुळे डाव्या हाताला अक्कल म्हणून नाही; त्याला फक्त हवा कशी पुरवायची ते कळतं. पियानोवर बसले तेव्हा डावा हात हवेतच पुढेमागे व्हायला लागला, घरातले हसून लोळले. त्यात पेटी साडेतीन सप्तकांची, आणि पियानोच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्या म्हणजे सव्वासात सप्तकं! एवढ्या मोठ्या वाड्यात राहायचं कुठे हेच कळेना. शिवाय पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर टिकतो, फुगवता येतो. पियानोचा सूर वाजला त्या क्षणापासून मरायला लागतो. लताबाई एका सुरावर थांबतात आणि तो हळूहळू भरत जातो; पियानोवर तुम्ही थांबलात की समोर नुसती शांतता.

यावर इलाज असा की वरचा सूर थांबला असेल तेव्हा खालचं काहीतरी हलवायचं. कसं, ते सांगते. समजा उजव्या हातात वरचा ‘सा’ आहे आणि तो चार मात्रा थांबलाय. पहिल्यांदा खाली सा-ग-प वाजव. मग वरचा सा तसाच ठेवून खाली म-ध-सा. मग कोमल धैवत, सा, कोमल गंधार. सा तोच, पण तिन्ही वेळा त्याचा चेहरा वेगळा: आधी घरात बसलेला, मग अंगणात आलेला, आणि तिसऱ्यांदा एकदम डोळ्यात पाणी. हे काम मूळ ध्वनिमुद्रणात चेलो करतात. भाचीने हेडफोन लावून फक्त चेलो ऐकावा, गायिकेकडे लक्षच देऊ नये, आणि जे ऐकू येईल ते डाव्या हाताच्या करंगळीला द्यावं. तिला कॉर्डचे ठोकळे नको आहेत, तिला सेबॅस्टियनबाबांची ती दुसरी चाल हवी आहे.

आता मींड. याला सगळे पियानोवाले हात टेकतात, कारण दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नाहीच. पण एक गंमत आहे, जी मला शिकवली कोणी नाही, बोट घसरलं तेव्हा कळली. काळी पट्टी उंच असते, पांढरी खाली. त्यामुळे काळीवरून लगतच्या पांढरीवर एकाच बोटाने घसरता येतं. उलटं जमत नाही, कारण बोटाला चढ चढता येत नाही. म्हणजे गाणं कुठल्या पट्टीत वाजवायचं हे ठरवताना, ज्या जागी गायकाने सूर ओढला आहे ती जागा काळीवरून पांढरीवर पडेल अशी पट्टी निवडायची. भैरवीचंच बघ. पांढरी तीनला सा धरलास तर अख्खी भैरवी पांढऱ्या पट्ट्यांवर येते, एकही काळी लागत नाही. नवशिक्यांना ते फार आवडतं. पण मग घसरायला काळी उरतच नाही आणि भैरवी कोरडी ठणठणीत होते. तीच पांढरी एकमधून घे. कोमल ऋषभावरून सा वर आणि कोमल धैवतावरून पंचमावर, भैरवीचा जीव जिथे आहे त्या दोन्ही जागा, एका बोटात मिळतात. पाठोपाठ पेडल अर्धवट दाबलं की काका-काकू मान डोलावतात, मी बघितलंय. अर्थात ही मींड नव्हे, मींडीची आठवण आहे. संतूरलाही मींड नव्हतीच. शिवकुमार शर्मांनी काड्या तारांवर भराभर थरथरवून सूर लांबवला आणि कोणाला उणीव भासू दिली नाही.

भैरवी निघालीच आहे तर एक गोष्ट, जी भाचीच्या ऑस्ट्रेलियन शिक्षिकेला पटणार नाही. तिला शिकवलेलं असणार की शेवट करताना पंचमाच्या कॉर्डवरून सा च्या कॉर्डवर यायचं. पंचमाची कॉर्ड म्हणजे प, शुद्ध नी, शुद्ध रे. भैरवीत नी आणि रे दोन्ही कोमल, म्हणजे ऐन शेवटी ती दोन परके सूर घरात घेते. त्याऐवजी कोमल नी, कोमल रे, मध्यम अशी कॉर्ड घेऊन सा वर यावं. मात्र डोळे मिटून नको: शंकर-जयकिशन यांना भैरवी अतिशय प्रिय, पण त्यांची भैरवी मोकळ्या मनाची, त्यात शुद्ध सूरही ये-जा करतात. चालीतच शुद्ध नी आला असेल तिथे शिक्षिकाबाईंची कॉर्ड खुशाल वाजवावी. कान मालक, कागद नोकर.

आणि साथीला मोबाइलवरचा तानपुरा लावायचा मोह होईल, तो आवरायला सांग. पियानोचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा असतो, एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भाग. वेगवेगळे ऐकले तर कळत नाही, एकत्र लावले की दाताखाली खडा. पेटीचे सूरही असेच ठरावीक; त्यापायी आकाशवाणीने 1940 पासून तब्बल तीन दशकं तिला दारात उभं केलं नव्हतं. आजोबा त्यावरून तावातावाने बोलत ते तुलाही आठवत असेल.

गाणी कोणती घ्यावीत म्हणतेस. सिनेमातच पियानोवर बसून गायलेली गाणी घेणं सगळ्यात सोपं, असं वाटतं ना? ‘अंदाज’मध्ये (1949) दिलीपकुमार, ‘गुमराह’मध्ये (1963) सुनील दत्त, ‘संगम’मध्ये (1964) राज कपूर, ‘ब्रह्मचारी’मध्ये (1968) शम्मी. बंगल्यात पार्टी, हातात ग्लास घेतलेले पाहुणे, आणि पियानोवर बसून टोमणे मारणारा भग्नहृदयी नायक; बोटं कुठे पडताहेत आणि आवाज कुठला येतोय याचा एकमेकांशी संबंध नाही. पण ही गाणी फसवी आहेत. त्यात पियानो ऐकू येतो तो मधूनमधून, शोभेला. गाण्याचा भार व्हायोलिनच उचलतात. माझं मत विचारशील तर त्यातलं ‘गुमराह’चं घ्यावं. संगीतकार रवी यांनी ते फार मोकळं ठेवलं आहे, महेंद्र कपूर जवळजवळ बोलल्यासारखं गातात, आणि दोन ओळींमध्ये पियानोला श्वास घ्यायला जागा आहे. पहिला अंतरा एकेरी सुरांत, डावा हात जवळजवळ नाहीच. दुसऱ्याला वरच्या सप्तकात जोडसूर. शेवटचा पुन्हा खाली. सगळ्या अंतऱ्यांना तोच थाट केला की ऐकणारा दुसऱ्यातच मोबाइल काढतो.

मराठीसाठी मात्र मी वाकडी वाट सुचवते. थेट भावगीताला हात घालू नये. भावगीतात शब्द राजा, चाल त्याच्यामागे पालखी धरून चालते. शब्द काढले की एकाच सुरावर सात-आठ ठोके उरतात. हृदयनाथांच्या चाली तर कॉर्डला भीक घालत नाहीत. त्यापेक्षा बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं, हिंदी गाणं घ्या: ‘भाभी की चूडियाँ’मधलं (1961) लताबाईंनी गायलेलं पहाटेचं. चाल मराठी माणसाची, ओळख सगळ्यांना, आणि सूर फक्त पाच, सा रे ग प ध. या पाचांचं आपसात कधी वाजत नाही, म्हणून पेडल दाबून ठेवलं तरी सूर एकमेकांत मिसळून नुसता उजेड होतो. डाव्या हातात सा आणि प, एवढंच. मध्यम आणि निषाद या गाण्याचे नव्हेत, म्हणून ते घेणाऱ्या कॉर्ड इथे घालू नयेत. हुशार पोरांना नेमकं तेच सुचतं. ठेका मात्र हवा. भाचीला केहरवा तोंडाने म्हणायला लाव, धागेनाती नकधिन, आणि डाव्या हाताचा खर्ज फक्त ‘धा’वर पडू दे, बाकी मात्रा मनात. ड्रम मशीन नको, मी येऊन बंद करीन.

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांची फर्माईश ठरलेली असते हे तुला सांगायला नकोच. घाट चढून आलेला प्रत्येक जण पियानो बघितला की ‘गुलाम’मधलं (1998) आमिर खानचं खंडाळ्याचं गाणं मागतो. इथून खंडाळा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे नाही म्हणता येत नाही. पण ते गाणं म्हणजे दोघांच्या गप्पा आहेत. चालीपेक्षा टपोरी बोलण्यात मजा. पियानोवर ते उजव्या हाताने वाजवलं तर टाइपरायटर चालल्यासारखं वाटतं. शेवटी मी चाल डाव्या हाताला, खालच्या सप्तकात दिली, तो आमिर. आणि उत्तरं उजव्या हाताला, ती राणी. मग जमलं. लहान मुलं तर दोन्ही हात बोलताहेत म्हणून बाकावर चढून बघतात. दिवाळीला शेवटी हे वाजवायला हरकत नाही, फराळाच्या रांगेत लोक गुणगुणत जातील.

भाचीला एवढं कर म्हणावं: कागद बाजूला ठेवून मूळ गाणं आधी नुसतं ऐकायचं, आणि ज्या पिसाशिवाय ते गाणं ओळखू येणार नाही असे दोनच पीस निवडायचे. दोनच. सगळं वाजवायला गेली तर तीस व्हायोलिनशी दहा बोटांची मारामारी होईल आणि कोण हरणार ते उघड आहे. मग ते दोन पीस जसेच्या तसे, आणि बाकी गाण्यात जेवढं गाळता येईल तेवढं गाळायचं. तिला गाळवत नाही, हीच तिची खरी अडचण आहे असा माझा संशय आहे. परीक्षेत एक सूर गाळला की मार्क जातात ना.

तयार झालं की रेकॉर्डिंग पाठव. मोबाइल पियानोवर ठेवू नका, पट्ट्यांची खडखड येते. चार-पाच हात लांब खुर्चीवर ठेवा. आणि तू स्वतः मागून गुणगुणू नकोस, मागच्या वेळी निम्मं रेकॉर्डिंग तुझंच होतं. वीज आहे तोवर हे पत्र धाडते. डिसेंबरात येशील तेव्हा ट्यूनर येऊन गेलेला असेल, पेटी मी काढून ठेवते, तू भाता मारायला बस.

तुझी,
कुरवंडेकरीण